फ्लशच्या टाकीची निगा

पिण्याच्या पाण्याचे पिंप आपण नेमाने घासतो. गच्चीवरील टाकीही वर्षातून एकदोनदा धुऊन घेतो. कमोडमागील फ्लशची टाकी मात्र बसवल्या दिवसापासून एकदाही उघडलेली नाही, अशी घरे पुष्कळ आहेत. झाकणाखाली काय चालले आहे हे फ्लश बिघडल्यावरच कळते. ज्या घरात वृद्ध माणसे आहेत, तेथे ही उपेक्षा परवडणारी नाही.

टाकीच्या सांध्यातून झिरपणारे पाणी कमोडच्या पायथ्याशी साचते. रात्री लघवीसाठी दोनतीनदा उठणाऱ्या ज्येष्ठांचा पाय तेथेच घसरतो आणि खुब्याचे हाड मोडण्यास असा एक प्रसंग पुरतो. फ्लशचा जोर कमी झाला की बादली उचलून पाणी ओतावे लागते. दुखरी कंबर आणि डळमळीत तोल असलेल्या व्यक्तीला ते झेपत नाही. शिवाय पाहुण्यांच्या खोलीतील, क्वचित वापरल्या जाणाऱ्या टाकीत पाणी स्थिर राहते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्याजवळ अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणून न वापरलेला फ्लशही आठवड्यातून एकदा अवश्य ओढावा आणि टाकीचे झाकण घट्ट बसते आहे ना, हे पाहावे.

सफाईसाठी फार साहित्य लागत नाही. रबरी हातमोजे, स्पंज, जुना दात घासण्याचा ब्रश आणि पांढरे व्हिनेगर एवढे पुरे. प्रथम टाकीला पाणी पुरवणारा छोटा नळ, ज्याला प्लंबर अँगल कॉक म्हणतात, तो उजवीकडे फिरवून बंद करावा व फ्लश ओढून टाकी रिकामी करावी. झाकण चिनी मातीचे असेल तर ते जड असते व हातातून निसटते. ते ज्येष्ठांनी स्वतः उचलू नये. घरातील धडधाकट व्यक्तीने ते उचलून जमिनीवर जाड पंचावर आडवे ठेवावे. तळाशी उरलेले पाणी स्पंजने टिपून घ्यावे.

आता व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन टाकीच्या भिंती, तरंगता गोळा आणि त्याची दांडी यांवर स्पंजने लावावे. अर्धा तास थांबल्यावर क्षारांचा पांढरा थर व गंजाचा तांबूस गाळ मऊ होतो. तो ब्रशने हलकेच घासावा. तारेची घासणी वापरू नये, तिचे ओरखडे प्लॅस्टिकवर पडतात व त्यांतच पुन्हा मळ धरतो. शेवटी नळ उघडून दोनदा फ्लश करावा. दर तीन महिन्यांनी हे करावे. बोअरवेलचे जड पाणी येत असेल तर दर दोन महिन्यांनी. टाकी भिंतीच्या आत बसवलेली असेल, तर मात्र हे काम प्लंबरकडूनच करून घ्यावे.

त्याच वेळी गळतीचीही परीक्षा घ्यावी. टाकी भरल्यावर पाण्यात खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाकावेत आणि अर्धा तास फ्लश ओढू नये. रंग कमोडमध्ये उतरला, तर तळाचे रबरी वॉशर झिजले आहे असे समजावे. ही गळती डोळ्यांना दिसत नाही, पण पाच मिनिटांत एक पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर, पाणी गेले तरी दिवसाकाठी सुमारे 57 लिटर वाया जाते. वॉशर स्वस्त असते व बदलायला वेळ लागत नाही. पाण्याची पातळी आतील उभ्या नळीच्या तोंडाखाली साधारण एक इंच असावी. त्याहून वर गेल्यास तरंगत्या गोळ्याची जुळणी खाली करून घ्यावी.

दोन गोष्टींविषयी विशेष सावध राहावे. टाकीत टाकायच्या निळ्या-हिरव्या वड्या पाण्याला रंग देतात आणि स्वच्छतेचा आभास निर्माण करतात. परंतु लघवी लालसर झाली आहे का, शौच डांबरासारखे काळे झाले आहे का, हे त्या रंगीत पाण्यात दिसत नाही. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या किंवा मूत्रविकार असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही खूण लवकर दिसणे महत्त्वाचे असते. टाकीतील गंजामुळे तांबूस पाणी आले तरीही असाच घोटाळा होतो. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी टाकी निर्मळ आणि पाणी बिनरंगी ठेवावे. क्लोरीनयुक्त वड्यांनी रबरी भागही लवकर खराब होतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच हे व्हिनेगर अथवा संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. लहानशा बंद न्हाणीघरात तो दम्याच्या वा श्वसनविकाराच्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. एका दिवशी एकच पदार्थ वापरावा, तो पाण्याने पूर्ण धुऊन जाऊ द्यावा आणि खिडकी उघडी ठेवावी. चुकून उग्र वास आला, डोळे चुरचुरले किंवा खोकला सुरू झाला, तर सारे तेथेच सोडून मोकळ्या हवेत यावे. दम लागत असल्यास विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

सफाई संपल्यावर लादी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी आणि ती वाळेपर्यंत घरातील आजी-आजोबांना आत जाऊ देऊ नये. फ्लशची कळ त्यांच्या बोटांनी सहज दाबली जाते का, हेही त्यांनाच विचारावे. संधिवात असलेल्या अंगठ्याला ती कडक वाटत असेल तर प्लंबरला सांगून बाजूची दांडी बसवून घेता येते. पुढच्या सफाईची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत आजच लिहून ठेवावी.