शाळेचे वेळापत्रक आणि घरचे पंचांग

16 जून 2025 रोजी राज्यातील बहुतेक प्राथमिक शाळांची दारे उघडली. विदर्भातील मुले उन्हामुळे आठवडाभर उशिरा, 23 तारखेला वर्गात बसली. वह्यांना कव्हरे घालून झाली, रेनकोटची खरेदी आटोपली, फी भरून पावती कपाटात गेली, आणि बाजारपेठेतील पुष्कळशा घरांत शाळा हा विषय आता निकालापर्यंत मिटला असे मानले गेले. वास्तविक पाहता महत्त्वाचे सारे याच सुमारास घडते. जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत शाळा आपल्या चाचण्या, सहली, स्पर्धा आणि स्नेहसंमेलन यांच्या तारखा पक्क्या करते. आणि नेमक्या याच दिवसांत घरी चातुर्मास बसतो. दोन्ही वेळापत्रके एकाच लहान मुलाच्या अंगावर येतात, परंतु ती एकमेकांसमोर ठेवून पाहण्याचे काम सहसा कोणीच करत नाही.

2025 मधील तिथी अशा होत्या. आषाढ शुद्ध चतुर्दशी, म्हणजे 9 जुलै रोजी चातुर्मासास प्रारंभ झाला. श्वेतांबर समाजाचे पर्युषण पंथभेदाने 20 किंवा 21 ऑगस्टला सुरू होऊन 27 किंवा 28 ऑगस्टला संवत्सरीने पूर्ण झाले. 27 तारखेलाच गणेश चतुर्थी होती. दिगंबर समाजाचे दशलक्षण पर्व 28 ऑगस्टपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे 6 सप्टेंबरपर्यंत चालले. लक्ष्मीपूजन आणि महावीर निर्वाणाचा दिवस 21 ऑक्टोबर, आणि ज्ञानपंचमी 26 ऑक्टोबर.

आता याशेजारी शाळेची दिनदर्शिका ठेवावी. स्वातंत्र्यदिनाच्या कवायतीचा सराव ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात असतो. पहिली घटक चाचणी बहुतेक खासगी शाळांत ऑगस्टमध्येच होते, आणि गणपतीची सुट्टी लागण्यापूर्वी ती उरकण्याकडे शाळेचा कल असतो. याचा अर्थ चाचणी आणि पर्युषण एकाच आठवड्यात येण्याचा संभव त्या वर्षी बराच मोठा होता. संवत्सरीचा दिवस काही पंथांत गणेश चतुर्थीलाच येत असल्याने त्या दिवशी सुट्टी मिळेल. अलीकडचे सात दिवस मात्र शाळेचेच आहेत.

तिसरी-चौथीतील एखादी मुलगी घरातील मोठ्यांचे पाहून एकासणे करण्याचा हट्ट धरते. आजीला कौतुक वाटते, पच्चक्खाण घेतले जाते, आणि मुलगी शाळेत येते. मधल्या सुट्टीत ती डबा उघडत नाही. शेजारीण विचारते, तर ती काही सांगत नाही. बाईंना वाटते, डबा आवडला नसेल. दुपारी खेळाच्या तासाला उन्हात धावताना तिला भोवळ येते. शाळेतून दुकानात फोन जातो, वडील गल्ला सोडून धावतात, आणि मग दोन्ही बाजूंनी एकच वाक्य ऐकू येते : ‘आधी सांगितले का नाही?’ असा प्रसंग कुठे ना कुठे घडत असतो. त्यात मुलीची चूक नाही आणि बाईंचीही नाही. वहीत दोन ओळींची चिठ्ठी पुरली असती. त्या दिवशी मुलीला सावलीत बसवून गुण मोजण्याचे काम देता आले असते, आणि तिच्या व्रताला वर्गात मानही मिळाला असता.

लहान मुलांनी शाळेच्या दिवशी किती तप करावे, हा प्रश्न घराघरांत वेगवेगळ्या प्रकारे सुटतो. मुलाची शक्ती पाहून व्रत द्यावे, हीच परंपरेची रीत आहे. तरीही हे सांगितले पाहिजे की पहिली ते चौथीच्या मुलांमध्ये ‘तुझे किती उपवास झाले?’ अशी चढाओढ लागली, तर तिचे मूळ बहुधा मोठ्यांच्या कौतुकात असते. रात्रिभोजनत्याग, डब्यात कंदमूळ न नेणे, आठ दिवस कोणाशी भांडण न करणे हे नियम शाळा सांभाळून सहज पाळता येतात आणि शिक्षकांनाही समजतात.

हे सारे शाळेला सांगण्याची योग्य जागा म्हणजे पालकसभा, आणि तिचीच उपेक्षा व्यापारी घरांत सर्वांत अधिक होते. खासगी शाळांसाठी 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यान्वये शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांच्या आत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो. प्रत्येक पालक आपोआप त्याचा सभासद असतो. कार्यकारी समितीसाठी निवडणूक होत नाही. इच्छुक पालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या जातात, आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. पुढील वर्षाच्या फीचा प्रस्ताव याच समितीपुढे येतो. शासकीय आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात.

म्हणजे ज्या टेबलावर फी, चाचण्यांच्या तारखा आणि संमेलनाची वेळ ठरते, त्या टेबलाशी बसण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. तरीही सभेची सूचना आली की ‘दुकान कोण पाहणार?’ हा प्रश्न पुढे येतो. माल उतरवून घ्यायचा असतो, वसुलीचा दिवस असतो. मग सभेला आई एकटी जाते, आणि तिलाही घरातून बजावलेले असते की तिथे फार बोलू नये. वर्षाअखेरीस फी वाढली की तक्रार मात्र दुकानाच्या ओट्यावर तासभर चालते. सभा शक्यतो बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवावी, अशी विनंती चार-पाच घरांनी मिळून केल्यास मुख्याध्यापक ती सहसा नाकारत नाहीत. आणि आईच जाणार असेल, तर चिठ्ठीत तिचे नाव अवश्य टाकावे.

या पहिल्या सभेत काय सांगावे, याविषयी थोडे विस्ताराने. पर्युषणाच्या तारखा लेखी द्याव्यात आणि दोन्ही पंथांच्या द्याव्यात. शाळेला श्वेतांबर-दिगंबर भेद ठाऊक असतोच असे नाही, आणि एका घराने ‘पर्व संपले’ म्हणावे व दुसऱ्याने ‘आजच सुरू झाले’ म्हणावे, याने शिक्षकांचा गोंधळ होतो. चाचणी पुढे ढकलण्याचा आग्रह धरू नये. ज्या मुलाचा एखादा पेपर बुडेल, त्याला तो नंतर देता यावा, एवढेच मागावे. पाच-सात मुलांसाठी साऱ्या शाळेचे वेळापत्रक हलवा, ही मागणी मान्य झाली तरी तिची किंमत त्याच मुलांना वर्गात मोजावी लागते.

डब्याचा प्रश्न नाजूक असतो. मुले एकमेकांच्या डब्यातले खातात, आणि खावे. मैत्री तिथेच जुळते. कांदा, लसूण, बटाटा, गाजर वर्ज्य असल्याचे बाईंना ठाऊक असले, तर ‘सगळ्यांनी वाटून खा’ असे सांगताना त्या मुलाला अवघडल्यासारखे होणार नाही, याची काळजी त्या घेतात. काही शाळांत आठवड्यातून एक दिवस मोड आलेल्या कडधान्याचा डबा आणायचा असतो. ज्या घरांत तो चालत नाही, त्यांनी भाजलेले चणे किंवा उकडलेले मूग चालतील का, हे आधीच विचारावे. चित्रकलेच्या तासाला बटाट्याचे ठसे करायला सांगतात. तिथे भेंडी किंवा दोडका आणला तर ठसा अधिकच सुरेख उमटतो, आणि कोणत्याही बाईंची त्याला हरकत नसते. मुलाला मात्र ‘आमच्यात हे चालत नाही’ एवढेच वाक्य शिकवून पाठवू नये. का चालत नाही, हे त्याला दोन साध्या शब्दांत सांगता आले पाहिजे, आणि ‘तुम्ही खाता म्हणजे वाईट’ हे शब्द तोंडात येता कामा नयेत.

आता काही बातम्या. पहिलीच्या वर्गाला 2025-26 या वर्षापासून नवा अभ्यासक्रम आणि नवी पाठ्यपुस्तके लागू झाली आहेत. मोठ्या भावंडांची जुनी पुस्तके धाकट्याला देण्याची काटकसर त्या वर्षी पहिलीपुरती उपयोगी पडली नाही. पहिलीपासून हिंदी शिकवण्यासंबंधीचे दोन्ही शासन निर्णय 29 जून 2025 रोजी मागे घेण्यात आले, आणि भाषांचा प्रश्न डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवण्यात आला. मराठी हा विषय मात्र 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत सक्तीचा आहे. घरी मारवाडी, गुजराती किंवा कच्छी, शाळेत इंग्रजी आणि गिऱ्हाईकाशी मराठी, अशी तीन भाषांची ये-जा ज्या मुलांच्या कानावर रोज असते, त्यांना भाषेची भीती घालण्याचे काहीच कारण नाही. मुलाला दुकानात तासभर बसवून पाट्या, बिले आणि पोत्यांवरची नावे वाचायला दिली, तर त्याची मराठी शिकवणीवाचून सुधारते.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरावेत, हा 2024-25 पासूनचा नियम अद्याप सर्वत्र सारखा पाळला जात नाही. जिथे तो पाळला जातो, तिथे जैन घरांची एक जुनी अडचण आपोआप सुटली आहे. नवकारशी सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी येते. जुलैत ती वेळ सातच्या आसपास पडते. सातची शाळा असताना मूल एकतर उपाशी जाई किंवा नियम मोडून जाई. आता मंदिर किंवा स्थानकात दर्शन घेऊन, नवकारशी पाळून, पोटभर न्याहारी करूनही मूल वेळेवर पोहोचते.

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावे, हे सर्वांनी ऐकलेले असते, तपासून पाहिलेले मात्र फारच थोड्यांनी. ज्यांच्या दुकानात वजनकाटा आहे, त्यांना तर सबब नाही. तिसरीतले मूल 22 ते 25 किलोचे असते. म्हणजे दप्तर अडीच किलोच्या आत हवे. पाण्याची बाटली भरून मोजावे. निम्मे वजन बहुधा न लागणाऱ्या वह्यांचे निघते.

एक काम मात्र या महिन्यात न टाळण्यासारखे आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील मुलाची नोंद स्वतः पाहून यावी. आपल्या घरांत आडनावाची तऱ्हा निराळी असते. आजोबांच्या कागदांवर गोत्राचे नाव, वडिलांच्या आधार कार्डावर ‘जैन’, आईच्या कार्डावर माहेरचे नाव, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर चौथेच काही. ‘शहा’चे कुठे ‘शाह’ झालेले असते. धर्माच्या रकान्यात ‘जैन’ लिहिले आहे की अन्य काही, हेही पाहावे. जैन समाजाला 2014 पासून राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता आहे, आणि पुढे शिष्यवृत्ती वा प्रवेशाच्या वेळी हाच रकाना आधी पाहिला जातो. दक्षिण महाराष्ट्रातील चतुर्थ, पंचम, सैतवाल, कासार घरांनी जातीच्या नोंदीचे अक्षर न् अक्षर तपासावे. आता मुलांचा ‘अपार’ क्रमांक तयार करताना शाळेतील नाव आणि आधारवरील नाव जुळावे लागते, आणि न जुळल्यास अर्ज अडकून राहतो. मूल शाळेत असताना जन्मदाखल्याच्या आधारे दुरुस्ती होण्याचा मार्ग सोपा असतो. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की तीच दुरुस्ती फार अवघड होते. पेढीवरील एका पावतीतले नाव चुकले तर ती तत्काळ फाडून नवी करणारा माणूस मुलाच्या नोंदीकडे दहा-दहा वर्षे पाहत नाही, हे खरोखर आश्चर्य आहे.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, किंवा दशलक्षणानंतर क्षमावणीला, मुले घरातील थोरांना आणि नातलगांना नमस्कार करून ‘मिच्छा मि दुक्कडम्’ अथवा ‘उत्तम क्षमा’ म्हणतात. वर्गात ज्याच्याशी वर्षभर कट्टी चालली, बसमध्ये ज्याला खिडकीची जागा दिली नाही, आणि वर्ग झाडणाऱ्या ज्या मावशींना उलट उत्तर दिले, ती माणसे या यादीत बहुधा नसतात. काही घरांत मुलांना त्या दिवशी शाळेत जाऊन तीन नावे निवडायला सांगतात. कोणती, ते घरी सांगण्याचे बंधन नसते.

स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत असले तरी त्याची वेळ आणि खाण्याची व्यवस्था पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या दोन सभांतच ठरते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि अल्पोपहार सहसा साडेसातला येतो. चौविहार पाळणारी मुले त्या वेळी रंगभूषेसह उपाशी बसतात, किंवा डोळे चुकवून खातात. लहान वर्गांचे कार्यक्रम आधी आणि खाणे साडेपाचला, एवढा बदल जैनेतर पालकांनाही आवडतो, कारण पाच-सहा वर्षांची मुले आठ वाजता कुणाचीच जागी नसतात.

त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत ज्ञानपंचमी येते. कार्तिक शुद्ध पंचमीचा हाच दिवस व्यापाऱ्यांची लाभपंचमी. अनेक पेढ्यांचे व्यवहार सुट्टीनंतर त्याच दिवशी सुरू होतात. 2025 मध्ये तो रविवारी होता. पुष्कळ घरांत नव्या चोपडीशेजारी मुलांची पुस्तके पूजेला मांडली जातात. पहिलीतल्या मुलाला त्या दिवशी चोपडीच्या कोऱ्या पानावर स्वतःचे संपूर्ण नाव लिहू द्यावे. शाळेच्या रजिस्टरात जसे आहे, अगदी तसे.