नगरपालिकेची तिजोरी

जकात नाका आठवतो ना? मालमोटार थांबायची, पावती फाटायची आणि रोजचा पैसा नगरपालिकेच्या तिजोरीत पडायचा. 1999 साली शासनाने नगरपालिकांची जकात बंद केली. बदल्यात अनुदान आले. तेव्हापासून लहान शहरे शासनाच्या तोंडाकडे पाहतात. अनुदान लांबले की सफाई कामगाराचा पगार रखडतो, वस्तीतले गटार तसेच राहते. घरपट्टी, पाणीपट्टी मात्र आपण भरतोच ना? म्हणून आमचे सांगणे एवढेच : अंदाजपत्रकाच्या दिवसांत नगरसेवकाला गाठा. आपल्या वस्तीसाठी तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती, विचारा. टाळाटाळ झाली तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्जाला 10 रुपये लागतात. बंधू-भगिनींनो, हिशेब मागणे ही भीक नव्हे, हक्क आहे.