‘गळा गेला’ म्हणजे काय?

पन्नाशीकडे झुकलेल्या गायिकेविषयी आपल्याकडे एक वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते : ‘बाईंचा गळा गेला.’ मैफलीहून परतताना एक रसिक ते बोलतो, दुसरा मान डोलावतो, आणि आपण काही निर्दय बोललो असे दोघांसही वाटत नाही. आमचे म्हणणे असे की, हे वाक्य शास्त्रदृष्ट्या अर्धसत्य व संगीतदृष्ट्या निखालस खोटे आहे.

प्रथम शास्त्र पाहू. रजोनिवृत्तीच्या सुमारास, म्हणजे बहुधा ४५ ते ५५ ह्या वर्षांत, स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन ओसरते आणि अल्प प्रमाणात असलेल्या पुरुषी संप्रेरकांचे पारडे तुलनेने जड होते. स्वरतंतूंवरील नाजूक आवरण कोरडे पडते, तंतू किंचित जाड होतात; आणि जाड तार जशी सावकाश कंप पावते, तसा आवाज खाली सरकतो. वरचे स्वर प्रयासाने लागतात, तान पूर्वीच्या चपळाईने फिरत नाही. सर्वच स्त्रियांत हा बदल सारखा नसतो. पण ज्यांच्यात होतो त्यांच्यापाशी तो नाकारणे म्हणजे खोटे सांत्वन होय. मात्र वय पुरुषाच्या गळ्यासही सोडीत नाही. उतारवयात त्याचा आवाज उलट बारीक होतो, कापरा होतो. तेव्हा मात्र ‘बुवांचे गाणे आता मुरले’ असे म्हणण्यास आपण तयार असतो!

आता संगीत. युरोपीय ऑपेरात भूमिकेचे स्वर लिहून ठेवलेले असतात; वरचा स्वर लागेनासा झाला की सोप्रानोस ती भूमिका बहुधा सोडावी लागते. आपल्याकडे षड्ज कोठे धरावा हे गाणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंनी काळी दोन धरली, तर यमनाचा यमन राहत नाही काय? तंबोऱ्याच्या तारा थोड्या उतरवावयाच्या, एवढीच ही बाब आहे.

मग हे होत का नाही? आमच्या मते, दोष आपल्या कानांचा आहे. १९४९ साली ‘महल’ चित्रपट आला, आणि पुढे कित्येक दशके लता मंगेशकरांचा उंच, तलम स्वर हाच स्त्रीच्या आवाजाचा मापदंड होऊन बसला. त्या स्वराच्या थोरवीविषयी वाद नाही. एका असामान्य कंठाचा सर्व स्त्रियांसाठी नियम करणाऱ्यांशी आमचा वाद आहे. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) ह्यांचा आवाज तर वयामुळे नव्हे, घशावरील उपचारानंतर ऐन उमेदीतच पुरुषी व भारदस्त झाला. त्यांनी गाणे सोडले नाही. त्याच आवाजात त्यांनी किराणा घराण्याची गंभीर आलापी वाढविली, आणि २००६ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, अखेरची मैफल केली.

हे आम्ही निर्दोषपणाच्या उंचीवरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी गणपतीत आरतीनंतर आमची थोरली बहीण पद म्हणू लागली. वरच्या स्वरावर तिचा आवाज चिरला, तेव्हा ‘ताई, सर्दी झाली का ग?’ असे आम्हीच हसत विचारले. त्यानंतर तिच्या तंबोऱ्याची गवसणी निघाली नाही. ‘पट्टी खाली घे,’ एवढे चार शब्दही न भरणारे वाक्य घरातील एकाही पदवीधरास सुचले नाही. मुले मार्गी लागून जेव्हा तिला गाण्यास वेळ मिळू लागला, तेव्हाच आम्ही तिला गप्प केले.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आवाजातील प्रत्येक बदल वयाचा नसतो. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर कंठाची तपासणी करून घ्यावीच. शिवाय पुरुषी संप्रेरकांच्या जातीची काही औषधे आवाज कायमचा उतरवू शकतात. गाणाऱ्या स्त्रीने त्याविषयी डॉक्टरांस आधीच विचारावे.

बाकीचे काम श्रोत्यांचे आहे. संगीतमंडळांनी गायिकेस पट्टी विचारावी, वय विचारू नये. येत्या गणपतीत आम्ही ताईस पुन्हा पद म्हणण्याची विनंती करणार आहोत, आणि पेटीवर काळी दोन धरून बसणार आहोत. ती मानील की नाही, हे मात्र सांगवत नाही.