ऑपरेशन झाले, पुढे काय?



पुनर्वसन हा शब्द ऐकला की आपल्याला आधी धरणग्रस्त आठवतात. पण हृदयाच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाचेही पुनर्वसन असते, आणि आपल्या भागात ते जवळजवळ कोणाचेच होत नाही, असे माझे मत झाले आहे. मी डॉक्टर नाही, कृषी पदविकेवर नोकरीला लागलेला माणूस आहे. औषधाबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. पण बांधाबांधाने फिरताना जे दिसते ते लिहायला हरकत नसावी.

गेल्या हंगामात लागणीच्या नोंदी घेताना एका जुन्या सभासदांच्या वस्तीवर गेलो. एकरी उताऱ्यात आमच्या गटात कायम पुढे असणारा हा माणूस. बायपास होऊन आठ महिने झाले होते. सोप्यात खाटेवर बसून होते. म्हटले, "तात्या, चला की, प्लॉट दाखवा." तर म्हणाले, "साहेब, छातीला तारा मारल्यात. आता कसला प्लॉट न् कसलं काय." परसाकडे जातानासुद्धा कोणीतरी हात धरायचा, असा घरच्यांचा नियम. पोटऱ्या पार वाळून गेलेल्या. ऑपरेशन चांगले झाले होते, पण माणूस खाटेवर बसून खचत चालला होता.

दुसरे उदाहरण याच्या उलट. स्टेंट बसवून घरी आलेले एक सभासद आठव्या दिवशी रात्रीच्या विजेवर पाणी पाजायला गेले. दोन महिन्यांत 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळ्याही बंद केल्या. दिवाळीच्या आधी त्यांच्या दहाव्याला जाण्याची वेळ आली. गोळ्या बंद केल्यामुळेच गेले, असे मी म्हणणार नाही. पण स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनच त्या गोळ्या असतात, आणि त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडायच्या नाहीत, हे त्यांना समजेल अशा भाषेत कोणी सांगितले होते का, हा प्रश्न मला अजून सतावतो.

आपण लागणीला जीव लावतो. बेणेप्रक्रिया, सरी, खत, सगळे वेळेवर. ऊस तुटून गेला की खोडवा मात्र देवाच्या हवाली. बुडखे छाटत नाही, नांग्या भरत नाही, वर पाचट पेटवून देतो. दुखण्यातही तेच चालले आहे. ऑपरेशनसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद गोळा करायला सगळे घर धावते, आणि माणूस घरी आला की कोणाला काही करायचे नसते.

खाटेवर निजवून ठेवण्याची ही समजूत घरच्यांनी काही आपल्या मनाने काढलेली नाही. पूर्वी डॉक्टरच झटका आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे झोपवून ठेवत. 1952 साली अमेरिकेत लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी अशा रोग्यांना लवकर उठवून खुर्चीत बसवले आणि त्याने अपाय होत नाही हे मांडले. पुढे 1966 मध्ये डॅलस येथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवून तपासले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दिसले की तीस वर्षांच्या वयाने त्यांची दमछाक सोसण्याची ताकद जेवढी कमी केली, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केली होती. विशीतल्या निरोगी पोरांची ही गत, मग साठीच्या तात्यांचे काय होणार?

आता पुनर्वसनात करतात काय? तपासणी करून ठराविक मापाने चालणे, ते हळूहळू वाढवणे, गोळ्यांची शिस्त, मीठ-तेलावर ताबा, तंबाखू आणि मिश्री कायमची बंद, आणि मनातली भीती घालवणे. 2021 मध्ये अशा 85 चाचण्यांचा, म्हणजे तेवीस हजारांहून अधिक रोग्यांचा, एकत्र आढावा निघाला. त्यात पुन्हा झटका येणे, पुन्हा दवाखान्यात भरती होणे आणि हृदयरोगाने मृत्यू, हे तिन्ही कमी झालेले आढळले. आपल्या देशात 24 दवाखान्यांत सुमारे चार हजार रोग्यांवर योगासनांच्या आधारे असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. त्यात मृत्यू कमी झाले असे ठामपणे सिद्ध झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण माणसे आपल्या नेहमीच्या कामाला जास्त चांगली लागली, आणि यंत्रसामग्री फारशी लागली नाही.

चालण्याचे माप सोपे आहे. चालताना बोलता आले पाहिजे. बोलताना वाक्य तुटायला लागले तर वेग जास्त झाला. नाडी मोजत बसू नये, कारण काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद राहते. छातीत दुखले, चक्कर आली तर जागेवर बसायचे, छातीत दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली धरायची आणि थांबले नाही तर 108 ला फोन करायचा. बायपासमध्ये कापलेले छातीचे हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर खताचे पोते, मोळी, पाठीवरचा पंप यांना हात लावायचा नाही. सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या घरात जातो, हे आपण विसरतो.

हे सगळे शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मिळते. पण आठवड्यातून दोनदा एस.टी.ने तिकडे कोण जाणार? म्हणून माझी सूचना अशी, की कारखान्याने आठवड्यातून एक दिवस प्रत्येक गट ऑफिसच्या आवारात फिजिओथेरपिस्ट आणावा. आवार आहे, सावली आहे, ब्लड प्रेशरचे यंत्र आपल्या दवाखान्यातून नेता येईल. कारखान्याचे काम साखर करण्याचे, हा उद्योग कशाला, असे काही मंडळी म्हणतील, आणि खर्चाची काळजी करणे गैर नाही. पण बेणेमळ्यावर आणि माती परीक्षणावर आपण खर्च करतोच ना? ऊस पिकवणारा माणूस त्याच हिशोबात धरावा, एवढेच म्हणणे आहे. पहिले वर्ष एकाच गटात करून बघावे.

दरम्यान, ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स घेऊन गट ऑफिसला नाव नोंदवावे. सोबत घरातली बाई आली तर फार बरे, कारण खाटेवरून उठू न देणारे हात बहुतेक तिचेच असतात. तात्यांचे नाव मी पहिले लिहून ठेवले आहे. त्यांना अजून विचारलेले नाही.