मसाला पडायच्या आधीची वाटी

मे महिना लागला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या कबनुरात समुद्राचे बेत सुरू होतात. दिवसभर यंत्रमागावर उभा राहणारा बाप आणि कांड्या भरणारी आई वर्षातून एकदा पोरांना रत्नागिरी-गणपतीपुळे दाखवायचं ठरवतात. गाडी ठरते, राहायची सोय होते, आणि मग प्रश्न येतो: लहान पोरं बरोबर आहेत, जेवायचं कुठं? त्याला उत्तर बहुतेक एकच मिळतं. बाहेर घसरगुंडी-झोपाळे असलेलं, मेनूकार्डावर ‘किड्स’ असा वेगळा रकाना असलेलं मोठं हॉटेल गाठा. साध्या खानावळीत पोरांचे हाल होतात.

हे सांगणाऱ्यांची काळजी खोटी नाही. आंबा घाटाच्या वळणांवर ओकून रिकामं झालेलं चार वर्षांचं लेकरू भुकेनं कळवळत असतं. समोर आलेल्या आमटीचा पहिला घोट तिखटजाळ लागतो, आणि पुढचा अर्धा तास सगळ्या कुटुंबाचा रडारडीत जातो. मी हे भोगलंय. तरीही सांगतो, या काळजीवर सुचवला जाणारा उपाय चुकीचा आहे.

घसरगुंडीनं पोट भरत नाही, हा पहिला मुद्दा. रस्त्याकडेच्या अशा एका मोठ्या हॉटेलात आम्ही तासभर ताटकळलो. पोरं झोपाळ्यावर खेळून इतकी दमली की ताट आलं तेव्हा धाकटी झोपली होती. झोपाळा मुलाला थोपवून धरतो, आणि तेवढा वेळ स्वयंपाकघराच्या उशिराकडे कुणाचं लक्ष जात नाही. मोबाइलही तेच काम करतो. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभरापेक्षा जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं. तो सगळा तास एका जेवणाची वाट बघण्यात संपतो.

दुसरा मुद्दा त्या वेगळ्या रकान्याचा. त्यात असतं काय? तळलेले बटाटे, नूडल्स, लालभडक मंचुरियन, वर रंगीत सरबत. मीठ, तेल, साखर आणि रंग. कबनुरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कर्नाटकानं मार्च 2024 मध्ये गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, कारण तपासलेल्या नमुन्यांत रोडामाइन-बी सापडलं होतं. कापड रंगवायचं ते द्रव्य. आपण कापडाच्या मुलखातली माणसं; रंग हाताला लागला की किती दिवस निघत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनी 2020 मध्ये जास्त मीठ, साखर, चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या कुंपणापासून 50 मीटरच्या आत विकायला मनाई केली. शाळेजवळ जे नको, ते सहलीत ‘मुलांचं खाणं’ म्हणून कसं चालतं?

मग मुलांचं खाणं म्हणजे काय? याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे, आणि तेही अशा स्वयंपाकात, ज्याला सगळा महाराष्ट्र तिखट म्हणून घाबरतो. कोल्हापुरी घरात मटण शिजलं की मसाला पडायच्या आधी एक पातेलं बाजूला निघतं. त्या अळणी पाण्याची पहिली वाटी पोरांना आणि म्हाताऱ्यांना. मग त्याच पाण्यात खोबऱ्याचं दूध, तीळ, खसखस, काजू यांचं वाटण जाऊन पांढरा रस्सा होतो, आणि तांबडा रस्सा वेगळ्या पातेल्यात होतो. म्हणजे लेकराचं जेवण निराळं शिजवलेलं नसतं. ते सगळ्यांच्याच जेवणातलं, मसाला पडायच्या आधी काढलेलं असतं. ज्या खानावळीत वाढप्याला ‘बाळासाठी अळणी द्या’ म्हटलं की न कुरकुरता वाटी येते, ती मुलांची जागा. मिसळीचंही तेच. कट वेगळा मागितला की मटकी, फरसाण, दही आणि ब्रेडचा तुकडा पोरगं आनंदानं खातं. कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या चौपाटीवर (समुद्र नसलेल्या गावानं हौसेनं ठेवलेलं हे नाव मला फार आवडतं) भेळवाला तिखट चटणी हात राखून घालतो. फक्त पाच वर्षांखालच्या पोराच्या भेळेतले शेंगदाणे-फुटाणे आईबापानं वेचून काढावेत, घशात अडकतात. आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध कितीही मायेनं पाजावंसं वाटलं, तरी लहानग्याला उकळलेलंच द्यावं.

कोकणात तर हे आणखी सोपं आहे. तिथल्या स्वयंपाकाचा पायाच मऊ आणि सौम्य. गुरगुट्या भात, तूप, मेतकूट. घावन आणि नारळाचा रस. आंबोळी, तांदळाची भाकरी, उकडीचे मोदक. गणपतीपुळ्याच्या देवळात दुपारी मिळणारा खिचडीचा प्रसाद दोन वर्षांचं मूलही स्वतःच्या हातानं खातं. मासे खाऊ घालायचे तर सुरमईचा तुकडा मागावा. मधला काटा काढला की काम झालं. पेडव्यांच्या नादी लागू नये. सोलकढीत मिरची-लसूण पडायच्या आधीच एक पेला बाजूला काढायला सांगावं. रत्नागिरीत भाट्याच्या बाजूला एका घरगुती खानावळीत मावशींनी आम्हाला दारात बघितलं, पोरांकडे नजर टाकली आणि आत वळून म्हणाल्या, “आधी भात-वरण आणा गो, माशांचं मागाहून.” तिथं झोपाळा नव्हता. सात मिनिटांत दोन्ही पोरं जेवत होती.

तिसरा मुद्दा एका आक्षेपाचा, आणि तो मला सगळ्यात जास्त बोचतो: पोरं दंगा करतात, इतर गिऱ्हाइकांना त्रास होतो, म्हणून त्यांना वेगळं बसवावं. अहो, आपण पंगतीत वाढलेली माणसं. कबनूरच्या उरुसात, नृसिंहवाडीच्या महाप्रसादात, लग्नाच्या मांडवात शेकडो माणसांत पोरं सांडत-लवंडत जेवतात. शेजारचा अनोळखी माणूस त्यांचं पान सावरतो. पंगतीत चालणारा आवाज पैसे मोजल्यावर एकदम असह्य कसा होतो? मूल चारचौघांत बसायला शिकतं ते चारचौघांत बसूनच. हो, ताटं घेऊन वाढपी धावत असताना पोरं वाटेत पळू देऊ नयेत. ती जबाबदारी आईबापाचीच, मालकावर ढकलू नये.

पण मालकांच्याही पदरात काही टाकायला हवं. आमच्याकडच्या रस्त्यांवर पाटी असते: परमिट रूम, आणि त्याखाली ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’. ही व्यवस्था बहुधा मागच्या अंगाला. दारूच्या टेबलांमधून वाट काढत जायचं, पडदा सरकवायचा, आत पंखा बंद. बायकांनी हॉटेलात जाणं लाजिरवाणं मानलं जाई त्या काळात फॅमिली रूमनं आडोसा दिला, ते काम मोठं होतं. आज बाईला आडोसा नको आहे. तिला उजेडातलं, दर्शनी बाजूचं टेबल हवं आहे, आणि आडोशाला बसवायचंच असेल तर पिणाऱ्यांना बसवावं. दादरला मामा काणे यांनी 1910 मध्ये काढलेल्या उपाहारगृहाच्या नावातच ‘स्वच्छ’ हा शब्द होता. गिऱ्हाइकाला पहिलं वचन त्यांनी चवीचं दिलं नव्हतं, स्वच्छतेचं दिलं होतं. शंभर वर्षं उलटली, तरी पोराला लघवीला नेल्यावर नाक दाबून परत यावं लागतं. घसरगुंडीला घातलेल्या पैशात एक धुतलेलं स्वच्छतागृह, पोराच्या हाताला पोचेल असा एक नळ, साबण आणि उकळलेल्या पाण्याचं पिंप सहज होतं.

खर्चाचाही विचार करा. त्या ‘किड्स’ रकान्यातली एकेक बशी स्वतंत्र पैशांची. दोन पोरांच्या दोन बशा, त्याही अर्ध्या टाकलेल्या, आणि आईबाप स्वतःसाठी एकच थाळी मागवून हात आखडता घेतात. कांड्या भरून जमवलेल्या पैशांची सहल अशी संपावी, याचा मला राग येतो. खानावळीत जास्तीचा भात आणि वाटीभर वरण घेऊन दोन्ही पोरं तृप्त होतात, आणि आईच्या वाट्याला तळलेल्या सुरमईची तुकडी उरते.

आता आम्ही निघायच्या आदल्या दिवशी फोन करतो. मेनू विचारत नाही. मऊ भात मिळेल का, बिनतिखट काही आधी वाढाल का, बाईमाणसाला जाता येईल असं स्वच्छतागृह आहे का, एवढंच विचारतो. गेल्या मे महिन्यात दोन ठिकाणांहून “आल्यावर बघू” असं उत्तर आलं. तिसऱ्या ठिकाणची बाई म्हणाली, “पोरं किती वर्षांची आहेत?” आम्ही तिथं गेलो.