कंपायलरला हाक मारणारे कार्ड

१/ सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली, हे मालवणातले शाळकरी मूलही सांगेल. पण कोणते काम आधी, कोणते नंतर, आणि ते कोणाच्या हुकमाने पुढे सरकले, हे विचारणारे विरळा. वास्तू स्मरणात राहते. बांधणीचा क्रम विस्मृतीत जातो. संगणकाच्या इतिहासातही हाच अन्याय चालू आहे.

२/ समज असा, की कंपायलरला माणसाऐवजी स्क्रिप्टने बोलावणे ही अलीकडची करामत. फार मागे गेले तर १९७६ सालचे ‘मेक’. हा समज चुकीचा आहे. त्याचे खंडन करणारा पुरावा मुंबईत, कुलाब्यातच उभा होता.

३/ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला. अशा यंत्रासाठी कार्डांचा गठ्ठा तयार करावा लागे. त्यातले एक कार्ड कामाची ओळख सांगे, दुसरे फोर्ट्रान कंपायलरला पाचारण करी, पुढची कार्डे तयार झालेला प्रोग्राम चालवण्याचा हुकूम देत. ही बिल्ड स्क्रिप्टच होती. फक्त छिद्रांच्या लिपीतली.

४/ मग ‘मेक’चे श्रेय कोणते? बेल लॅब्समध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ बिनचूक प्रोग्राममधली चूक शोधण्यात वाया गेली. दुरुस्ती केव्हाच झाली होती. फाइल पुन्हा कंपाइल झाली नव्हती. यातून स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ घडवले. ते फायलींच्या वेळा ताडून पाहते आणि गरज असेल तेथेच कंपायलर बोलावते. गठ्ठा हुकूम देई. हुकूम केव्हा द्यावा, हे ‘मेक’ ठरवू लागले. श्रेय एवढेच, आणि ते मोठे आहे.

५/ ‘हा तपशील क्षुल्लक आहे,’ असा आक्षेप येतो. तो टिकत नाही. कंपायलर काम संपवताना एक आकडा परत करतो: शून्य म्हणजे यश, अन्य काहीही म्हणजे अपयश. स्पष्ट बजावले नसेल, तर शेल स्क्रिप्ट त्या अपयशाकडे डोळेझाक करून पुढची ओळ चालवते, आणि कालचीच फाइल आजची म्हणून मिरवते. हाक मारणे सोपे. उत्तर ऐकणे महत्त्वाचे.

६/ म्हणून जुन्या प्रोग्रामचा केवळ मूळ मजकूर जपणे म्हणजे जतन नव्हे. कोणता कंपायलर, कोणती आवृत्ती, कोणता क्रम, कोणत्या सूचना, ही नोंद हरवली की उरतो तो वाचता येणारा, पण पुन्हा उभा न करता येणारा अवशेष. बिल्ड स्क्रिप्टला अडगळ समजणाऱ्याने इतिहासाचा अभिमान मिरवू नये. ती अस्सल दस्तऐवज आहे.