शब्दांचा पूल कोण बांधणार?

दहावीचा निकाल लागला की आपल्या सीमाभागातल्या घराघरांत एक काळजी सुरू होते. मराठी माध्यमातून शिकलेले मूल पीयूसीला सायन्स घेते. तिथे पुस्तक इंग्रजीत असते आणि अडले की समजावून सांगणे बहुधा कन्नडमध्ये. 'प्रकाश' म्हटले की ज्याला सारे कळते, त्याला 'बेळकु' आणि 'लाइट' एकदमच पचवावे लागतात. त्रिकोणाचा 'त्रिभुज' होतो, चौरसाचा 'चौक'. मूल हुशार असते, पण शब्दांत अडकते, आणि आपल्याला सायन्स जमत नाही असे समजून बसते.

यावर हायस्कूलमध्येच काही करता येईल का? एखाद्या शाळेत अशी पाच-सातच मुले असतील, तर त्यांच्यासाठी वेगळा शिक्षक मिळत नाही. पण निपाणी, खानापूर, बेळगाव इथली मुले एकत्र केली तर चांगला वर्ग भरतो. ऑनलाइन अभ्यासक्रमाचा खरा उपयोग इथेच आहे. आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. दोन्ही कार्यालयांनी मनावर घेतले, तर तिन्ही भाषा जाणणारा एक चांगला विज्ञान शिक्षक अनेक शाळांना पुरेल.

दूरशिक्षण आपल्याला नवे नाही. 2004 च्या सप्टेंबरात एज्युसॅट उपग्रह सोडला गेला. त्या योजनेच्या प्रायोगिक टप्प्यात आपल्या बेळगावचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ होते आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही होते. पुढे 2020 च्या जुलैत, कोरोनाने शाळा बंद असताना, चंदन वाहिनीवर आठवी ते दहावीसाठी 'संवेद'चे पाठ सुरू झाले, तर सह्याद्रीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली'. विज्ञान, गणित काही सीमेपाशी बदलत नाही. ओहमचा नियम कोल्हापुरात आणि निपाणीत एकच. तेव्हा चांगला पाठ कुठल्या बाजूचा, हे पाहत बसण्याचे कारण नाही. इतिहास, समाजविज्ञानाचे पाठ मात्र आपल्याच पाठ्यपुस्तकाप्रमाणे हवेत, नाहीतर परीक्षेत घोटाळा व्हायचा.

त्या काळाने एक धडाही दिला. नुसता मोबाईल हातात देऊन शिक्षण होत नाही. म्हणूनच 2020 मध्ये 'विद्यागम' योजनेत शिक्षकांना गल्लीत, वस्तीत जाऊन मुलांना शिकवावे लागले. तेव्हा ऑनलाइन तास वेळापत्रकातच असावा, शाळेच्या संगणक खोलीत व्हावा आणि समोर एक शिक्षक बसलेला असावा. त्याने विषय शिकवला नाही तरी चालेल. कोण मागे पडले हे त्याने पाहावे, वह्या तपासाव्यात, शंका लिहून पाठवाव्यात. जांबोटी, कणकुंबीच्या पावसात वीज आणि रेंज यांचा भरवसा नसतो. तिथल्या शाळांना पाठ आधीच पेनड्राइव्हवर भरून द्यावेत. आणि शेवटी लेखी परीक्षा हवीच. गुण नसले की मूलही मनावर घेत नाही, पालकही.

सुरुवात लहानच असावी. नववी-दहावीच्या विज्ञान-गणितातले महत्त्वाचे शब्द मराठी, कन्नड आणि इंग्रजीत, उदाहरणांसह, आठवड्याला दोन तास. यात मराठी सुटत नाही आणि कन्नडही परकी राहत नाही. ज्या घरात आई कन्नड बोलते आणि आजी मराठी, तिथल्या मुलाला तर हे निम्मे आधीच येत असते. फक्त ते शाळेच्या कामी येऊ शकते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

शाळा सुधारणा समितीच्या पुढच्या बैठकीत रंगकामाच्या आणि कंपाउंडच्या विषयानंतर हाही विषय मांडा. एकट्या शाळेचे पत्र कार्यालयात पडून राहील. दहा शाळांनी मिळून मागितले, तर उत्तर द्यावेच लागेल.